नाही म्हणायची तयारी

“तुमचं लग्न ठरलंय का?” नानांनी विचारलं.

“न्हाई,” यमुना म्हणाली.

मी पट्टीनं टेबलावर टक केलं.

“नाही,” यमुना म्हणाली.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, म्हणजे आता बरोबर आहे. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

ही चौऱ्याऐंशी सालातली गोष्ट, बार्शीची. आता मी साठीला आले, तरी त्या अकरा दिवसांतला एकेक दिवस मला वेगळा काढून दाखवता येईल. नाना म्हणजे माझे वडील, रत्नपारखी मास्तर. गावातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिळलेले होते, आणि निवृत्त झाल्यावर त्यांचेच कान गेले. एक पार गेला, दुसऱ्यात थोडी धुगधुगी होती. ऐकायचं यंत्र आणलं होतं, पण ते लावलं की कुणीतरी कानात फोडणी देतंय असं वाटतं म्हणून ते कपाटात पडून असे. कान गेले तरी शिकवायची खोड काही गेली नव्हती. कुणी शिकायला मिळालं नाही तर ते भाजीवालीलासुद्धा दोन गोष्टी समजावून सांगत.

त्या जुलैत मात्र त्यांना एकदम दोन विद्यार्थिनी मिळाल्या, एक मी आणि दुसरी यमुना ढावरे. पुण्याच्या एका अध्यापिका विद्यालयाकडून आमच्या तालुक्यात फक्त आम्हा दोघींना मुलाखतीचं पत्र आलं होतं. दोन वर्षं राहणं-जेवण फुकट, आणि बाहेर पडलं की शिक्षिकेची नोकरी जवळजवळ हातात. अर्ज मार्कांवर चाळत, पण निवड मुलाखतीवर करत. पत्राच्या खाली टाइप केलेली एक ओळ होती, एका तालुक्यातून एकाच उमेदवाराची निवड होईल. म्हणजे दोघींतली एकच जाणार, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. नानांनी ती ओळ मोठ्यानं वाचली आणि पत्राची घडी घालून म्हणाले, “उद्यापासून सकाळी आठला दोघी बसा.” यात काही विचित्र आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही.

यमुना बारावीला केंद्रात पहिली होती आणि मी दुसरी, सात मार्कांनी. तिला बाप नव्हता. आई बाजारातल्या एका आडतीवर चिंचा फोडायला जायची, सुट्टीत यमुनाही जायची. तिच्या बोटांची टोकं कायम काळपट असायची, आणि ती हात पाठीमागे घेऊन उभी राहायची. जागा मिळाली नाही तर आईशेजारी पाट टाकून बसायचं, हे तिच्या मामानं सांगून टाकलं होतं. बारावीपर्यंत शिकू दिलं, आता पुरे, असं त्याचं म्हणणं होतं.

नानांनी मुलाखतीची दोन गुपितं आम्हाला सांगितली. एक म्हणजे उच्चार. पहिली-दुसरीच्या पोरांना अक्षरं शिकवायची, तेव्हा बाईच्याच तोंडात पानी आणि लोनी असेल तर पोरं काय उचलणार, म्हणून पुण्याची माणसं कान लावून ऐकतात. दुसरं लग्न. निम्म्या मुली शिक्षण अर्धवट टाकून बोहल्यावर चढतात आणि जागा फुकट जाते. म्हणून तो प्रश्न विचारणारच, आणि त्याला ठाम ‘नाही’ म्हणायचं. मान हलवायची नाही. मुंडी हलवली तर ते हो समजतील की नाही, याचा नेम नाही. तोंडानं, स्वच्छ, ‘नाही’.

आता पंचाईत अशी, की नानांना स्वतःला न आणि ण यांतला फरक ऐकूच येत नव्हता. ते त्यांनीच हसत हसत कबूल केलं. मग पट्टी माझ्या हातात दिली. म्हणाले, “वैजू, तू माझा कान. ती चुकली की नुसतं टक करायचं. बोलायचं नाही, चारचौघांत चूक बोलून दाखवली की माणसाला लागतं.”

माझे वडील फार चांगले होते. हे मला आज सांगावं लागतंय, कारण त्या चांगुलपणाचं मी काय केलं ते पुढे येईलच.

पहिले चार दिवस मी इमानानं टक केलं. यमुनाला शिकायला वेळ लागत नसे. पानी, लोनी, कोन, पन, आनि, हे सगळं तिनं चार दिवसांत मोडून काढलं. रस्त्यानं जाताना ती ‘बाणेदार, पाणीदार, दाणेदार’ असं घोकत जायची, लोक वळून बघायचे. माझ्या आईनं तिचा चहाचा कप वेगळा ठेवला होता, खिडकीत पालथा. यमुना तो स्वतः विसळायची आणि स्वतःच पालथा घालायची. शाळेत ती मला वैजू म्हणायची, पण आईसमोर वैजूताई. नानांना यातलं काही दिसत नव्हतं, त्यांना फक्त तिची उत्तरं दिसत होती.

आणि तिची उत्तरं होतीही तशी. शिक्षिका का व्हायचंय, या प्रश्नाला मी राष्ट्र, भावी पिढी वगैरे पाठ केलं होतं. यमुनानं आईची हकीकत सांगितली.

“माझ्या आईला बसची पाटी वाचता येत न्हवती. ती मावशीकडं जायला निघाली आन् परांड्याच्या गाडीत बसली. परांडा आलं तरी उतरंना. कंडक्टर म्हनला, बाई, गाडी इथंच ऱ्हाती. तर आई त्यालाच म्हनली, मग माझं गाव हितं आना की.”

एवढं होऊन ती थांबली आणि म्हणाली, त्या दिवशी आई घरी आली तेव्हा हसत हसत सांगत होती, पण चूल पेटवताना रडत होती. म्हणून मला पहिलीला शिकवायचंय, मोठ्या वर्गाला नाही. नाना तिच्या तोंडाकडे बघून ओठ वाचत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या एका उत्तरात पाच टक झाले होते, ते त्यांनी मोजलेसुद्धा नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात ताक घुसळत होते. नाना ओसरीवर आईशी बोलत होते. ज्याला ऐकू येत नाही त्याला हळू बोलता येत नाही. शेजारच्या घरातही गेलं असेल.

“जागा एकच आहे ना, मग ती यमुनेलाच मिळू दे,” ते म्हणाले. “तिच्यात शिकवणारी बाई आहे. आपल्या वैजूचं काय, ती मध्यम आहे. लग्नाला उभी केली की तिचं भागेल.”

आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी ताक घुसळत राहिले. लोणी आलं, गोळा झाला, तरी घुसळत राहिले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि तो राग वडिलांवर निघायला हवा होता, हे मला त्या वयातही कळत होतं. पण वडिलांवर रागवायची आमच्या घरात सोय नव्हती. यमुना उद्या सकाळी आठला येणार होती.

दुसऱ्या दिवशी ती आली. नानांनी मनाविषयी काहीतरी विचारलं. ती ‘मन’ म्हणाली. अगदी स्वच्छ म्हणाली. मी टक केलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. पुन्हा म्हणाली, “मन.” मी पुन्हा टक केलं. ती गोंधळली, आणि मग घाबरत ‘मण’ म्हणाली. मी पट्टी खाली ठेवली आणि नानांकडे बघून मान डोलावली. थोड्या वेळानं तोच शब्द आला, तिनं ‘मण’ म्हटलं, आणि मी टक केलं.

जाताना तिनं मला फाटकाशी गाठलं. म्हणाली, “वैजू, पुस्तकात तर न हाय.”

“लिहितेस न,” मी म्हणाले. “पण तुझ्या तोंडातून ण येतो. तुझ्या कानाला ते कळत नाही, त्याला तू काय करणार. लहानपणापासूनची सवय असते.”

तिनं फाटकाची कडी काढली. मग म्हणाली, “बरं झालं तू सांगितलंस.”

पुढचे पाच दिवस मी तेच करत होते. कधी बरोबर असलं तरी टक, कधी चुकलं तरी गप्प. त्याला काही नियम ठेवला नव्हता. नियम असता तर तिनं तो एका दिवसात ओळखला असता. तिच्या स्वतःच्या नावालासुद्धा मी टक केलं. “यमुना,” ती म्हणाली, टक. “यमुणा,” टक. मग तिनं नावच घेतलं नाही, खाली बघत राहिली. मला मजा येत होती. मजा नव्हती असं आज म्हणून मी सुटणार नाही, कारण ती होती. माझ्याहून हुशार पोरगी माझ्या एका पट्टीवर उठत-बसत होती.

हळूहळू ती बोलायच्या आधी थांबायला लागली. मग उत्तरं तोकडी व्हायला लागली. ती न आणि ण दोन्ही टाळून वाक्यं जुळवते आहे, हे माझ्या दोन दिवसांनी लक्षात आलं. आईच्या परांड्याची हकीकत गेली. शिक्षिका का व्हायचंय, या प्रश्नाला ती म्हणायला लागली, “मला आवडतं.” त्यात दोन्ही अक्षरं नाहीत. ‘आणि’ गेलं, ‘पण’ गेलं. या दोन शब्दांशिवाय मराठीत कुणी चार वाक्यं बोलून बघावीत. पण ‘नाही’ला काही तोड नव्हती. तो शब्द आला की तिच्या कपाळावर घाम यायचा. ती माझ्या हाताकडे बघत बघत तो म्हणायची, आणि मी टक करायची.

नानांनी एकदा विचारलं, “हल्ली ही अडखळते का गं?”

“विचार करून बोलते,” मी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. यमुना समोरच बसलेली होती.

“शाबास,” नाना म्हणाले.

मुलाखतीला आम्ही तिघं पहाटेच्या एसटीनं गेलो. नाना दोघींच्या मधे बसले होते. त्यांनी वाटेत आम्हाला घरून आणलेल्या दशम्या खायला घातल्या, आणि मुलाखतीत पाय हलवायचे नाहीत, हे चार वेळा सांगितलं. यमुनानं आईची ठेवणीतली साडी नेसली होती. ती काहीच बोलली नाही. नानांना वाटलं, मनातल्या मनात उजळणी चाललीय.

विद्यालयाची इमारत दगडी होती, पुढे लांब व्हरांडा. आधी मला बोलावलं. आत तिघंजण होते, मधे प्राचार्यबाई, जाड चष्म्याच्या. राष्ट्र आणि भावी पिढी मी घडाघडा म्हटलं. त्यांनी लग्नाचं विचारलं. माझ्यासाठी घरात स्थळं बघायचं बोलणं सुरू झालेलं होतं, तरी मी ठणठणीत ‘नाही’ म्हणाले. बाई म्हणाल्या, “उच्चार छान आहेत.”

मग यमुना आत गेली. नाना बाकावर बसले होते. मी खिडकीशी उभी राहिले. खिडकीची एक फळी मोडकी होती, तिच्यातून ती मला बाजूनं दिसत होती. नाना माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून मी चेहरा हसरा ठेवला.

नाव विचारलं. ती म्हणाली, “यमू ढावरे.”

“यमू? अर्जावर यमुना आहे.”

ती गप्प. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. आई काय करते, असं विचारलं. “चिंचा फोडते.” शिक्षिका का व्हायचंय? “मला आवडतं.” आणखी काही सांगाल? ती गप्प. बाईंनी मार्कांचा कागद पुन्हा पाहिला आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. त्या वाईट नव्हत्या. त्या तिला हात देत होत्या.

“बरं, हे विचारावं लागतं आम्हाला. तुमचं लग्न ठरलंय का?”

यमुनाची मान ताठ होती. नानांनी सांगितल्याप्रमाणे तिनं ती हलवली नाही. फक्त नजर खाली गेली.

“संकोच करू नका. ठरलंय का?”

शेजारचे गृहस्थ हसले. म्हणाले, “अहो, लाजतेय ती. ठरलेलं दिसतंय.”

“म्हणजे ठरलंय, असं आम्ही समजायचं का?” बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी फळीतून तिचं तोंड बघत होते. ओठ उघडले. जीभ दातांमागे जाऊन टेकली आणि तिथंच राहिली. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि ती त्या हाताकडे बघत होती, कुणीतरी टक करील म्हणून. कुणी केलं नाही. मी खिडकीशी होते. एक शब्द मी बाहेरून ओरडले असते तरी पुरे होतं. मी ओरडले नाही.

“ठीक आहे, या तुम्ही,” बाई म्हणाल्या.

चार वाजता यादी लागली. बार्शी तालुक्यापुढे माझं नाव होतं. नानांनी ती ओळ बोटानं दोनदा वाचली. त्यांनी माझी पाठ थोपटली, पण डोळे यमुनाला शोधत होते. ती दोन हातांच्या अंतरावर खांबाला टेकून उभी होती. तेवढ्यात प्राचार्यबाई व्हरांड्यात आल्या, आणि नाना सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

“माझी मुलगी घेतलीत, आभारी आहे,” ते आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, आणि व्हरांड्यातल्या सगळ्या मुली वळल्या. “पण ही ढावरे का राहिली? ही माझ्या मुलीपेक्षा पुष्कळ चांगली आहे.”

त्यांना ऐकू येत नाही हे बाईंच्या लक्षात आलं. त्या मला म्हणाल्या, “वडिलांना सांग. मुलगी हुशार आहे, पण आम्ही तीनदा विचारलं, ती एकदाही नाही म्हणाली नाही.”

मी ते नानांच्या कानात सांगितलं. खरं तेच सांगितलं. नाना पुन्हा बाईंकडे वळले. म्हणाले, “लग्न कुठलं? तिच्या घरात लग्नाचं नावही नाही. मी मास्तर आहे बाई, मी खोटं सांगणार नाही.”

बाईंनी भिंतीवरची यादी पुन्हा पाहिली. मग मला बाजूला घेतल्यासारखं करून हळू आवाजात म्हणाल्या, “तालुक्याची जागा एकच. ती तुला मिळालीय. तू आपणहून सोडलीस तर तिचं नाव घालता येईल. पाच वाजता कागद इथून जातात, तोवर विचार करा. वडिलांना विचार आणि आत येऊन सांग.” त्या कार्यालयात गेल्या. दार उघडंच ठेवलं.

“काय म्हणाल्या?” नानांनी विचारलं.

यमुना खांबाशी होती. बाईंचं बोलणं तिला ऐकू गेलं होतं, हे मला तिच्याकडे न बघता कळत होतं. बहिऱ्या माणसाशी खोटं बोलायचं तर तेही ओरडूनच बोलावं लागतं. मी नानांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, “यादी लागली, आता काही करता येत नाही म्हणतात.”

नाना बाकावर बसले. त्यांचे खांदे एकदम म्हाताऱ्या माणसाचे दिसायला लागले. मी पिशवी उचलायच्या निमित्तानं वाकले, तेव्हा यमुना माझ्याजवळ आली.

“नानांना ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “मला येतं.”

मी पिशवीचे बंद आवळले.

“तेव्हाही येत होतं. मन म्हटलं की मन ऐकू यायचं. नाही म्हटलं की नाही. मी बरोबर म्हणत होते, ते मला कळत होतं.”

ती एकेक शब्द सावकाश बोलत होती. एकही चुकत नव्हता.

“मग तेव्हा बोलली का नाहीस?” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. सगळा अपराध तिचाच असल्यासारखं मी तिला विचारत होते.

“घर तुमचं होतं,” ती म्हणाली.

“काय म्हणते गं ती?” नानांनी बाकावरून विचारलं. ते आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघत होते, पण ती त्यांच्याकडे पाठ करून उभी होती.

यमुना माझ्याकडे बघत राहिली. तिला वळता आलं असतं. त्यांच्या चांगल्या कानाशी जाऊन एक वाक्य ओरडता आलं असतं. ती वळली नाही. मी काय सांगते ते तिला ऐकायचं होतं.

“तुमचे आभार मानतेय,” मी ओरडून सांगितलं.

नानांचे डोळे भरून आले. ते उठले, यमुनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पोरी, धीर सोडू नकोस. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू. मे महिन्याच्या सुट्टीत वैजू घरी येईलच. तीच तुझी तयारी करून घेईल.”

यमुनानं वाकून त्यांना नमस्कार केला. “बरं, नाना,” ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही, पण ओठांवरून कळलं असावं, कारण ते समाधानानं हसले. मग तिनं त्यांचा हात धरला आणि त्यांना पायऱ्यांवरून सांभाळून खाली नेलं.

कार्यालयातल्या घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती. बाई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. मी पिशवी उचलली आणि त्या दोघांच्या मागून फाटकाकडे निघाले.